काळोखाचा स्राव आणि रजोनिवृत्ति

रजोनिवृत्ति हा आजार नव्हे. बाल्य आणि तारुण्य यांच्यासारखीच ती स्त्रीच्या आयुष्यांतील एक अवस्था आहे. बाराव्या वर्षाच्या सुमारास ऋतुस्राव सुरू होतो व पन्नासाव्या वर्षाच्या सुमारास तो थांबतो, असें सुश्रुतसंहितेंत सांगितलेलें आहे. आणि हा आंकडा आजच्या मोजमापांशींहि फारसा विसंगत नाहीं. युरोप-अमेरिकेंतील स्त्रियांची शेवटची पाळी सरासरीनें ५१ व्या वर्षाच्या आगेमागें येते. भारतीय स्त्रियांची त्याच्या चार-पांच वर्षें अगोदर, म्हणजे ४६-४७ व्या वर्षाच्या सुमारास येते. लागोपाठ बारा महिने पाळी आली नाहीं म्हणजे रजोनिवृत्ति झाली असें वैद्यकशास्त्र धरतें. पूर्वीं या टप्प्यापर्यंत पोंचणाऱ्या स्त्रियाच थोड्या असत. आतां आयुर्मान वाढल्यामुळें त्यापुढचा काळ पंचवीस-तीस वर्षांचा झाला आहे, आणि म्हणूनच त्या काळांत शरीरांत काय घडतें हें जाणून घेण्याची निकड पूर्वींपेक्षां अधिक आहे.

या वयांतील तक्रारींत एक तक्रार अशी आहे कीं, तिच्याकडे घरांत कोणी फारसें लक्ष देत नाहीं. ती म्हणजे झोंपेची. रात्रीं दोन-तीन वाजतां एकाएकीं जाग येते, छातीपासून कपाळापर्यंत गरम वाफ चढल्यासारखी वाटते, घामानें चोळी ओली होते, आणि मग पहांटेपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाहीं. सकाळीं चहा, डबे, देवपूजा हीं कामें तशींच वाट पाहत उभीं असतात. ‘वय झालें, आतां झोंप कमी व्हायचीच,’ असें घरचीं माणसें म्हणतात, आणि बहुतेक वेळां ती स्त्रीहि तसेंच म्हणते. अशा स्त्रीच्या हातीं अलीकडे मेलॅटोनिन नांवाची गोळी येऊं लागली आहे. तिनें झोंप लागते, इतकेंच नव्हे तर बीजकोशांचे स्राव ताळ्यावर येतात, तारुण्य टिकतें, गेलेली पाळीहि परत येते, अशा गोष्टी तिच्याविषयीं सांगितल्या जातात. यांत खरें किती आणि पदरचें किती, हें ठरवावयाचें तर दोन निरनिराळ्या यंत्रणांची ओळख करून घेतली पाहिजे. एक यंत्रणा प्रजननाची आणि दुसरी काळोख ओळखण्याची.

प्रथम प्रजननाची यंत्रणा पाहूं. मुलगी जन्मास येते तेव्हां तिच्या दोन बीजकोशांत मिळून दहा ते वीस लक्ष बीजें असतात. ती वयांत येईपर्यंत त्यांतील तीन-चार लक्षच उरतात. पुढील सर्व आयुष्यांत पक्व होऊन बाहेर पडण्याची पाळी त्यांपैकीं सुमारें चारशें बीजांवर येते. बाकीचीं जागच्या जागीं विरून जातात. प्रत्येक बीजाभोंवतीं पेशींची एक बारीक पुटिका असते, आणि ही पुटिका वाढूं लागली म्हणजे तिच्यांत ईस्ट्रोजेन नांवाचें द्रव्य तयार होऊन रक्तांत मिसळतें. गर्भाशय, स्तन, त्वचा, हाडें, रक्तवाहिन्या व मेंदू या सर्वांवर या द्रव्याचा अंमल चालतो. अशा द्रव्यांना अंतःस्राव असें म्हणतात, कारण तीं नळीवाटे बाहेर न पडतां थेट रक्तांत उतरतात.

बीजकोश हे स्वतःच्या मर्जीनें काम करीत नाहींत. मेंदूच्या तळाशीं असलेला हायपोथॅलॅमस हा भाग ठराविक अंतरानें एक प्रेरक द्रव्य थेंबाथेंबानें सोडतो. त्याची रासायनिक घडण १९७१ सालीं अँड्र्यू शॅली व रॉजर गिलेमँ यांच्या प्रयोगशाळांनीं उलगडली, आणि १९७७ सालीं त्या दोघांना नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. हें द्रव्य खालच्या पिट्युइटरी ग्रंथीस जागें करतें. ती ग्रंथि एफ.एस.एच. व एल.एच. असे दोन स्राव रक्तांत धाडते. पहिल्यानें बीजाची पुटिका वाढते आणि दुसऱ्यानें ती फुटून बीज बाहेर पडतें. पुटिकेंतून निघालेलें ईस्ट्रोजेन वर जाऊन ‘पुरे झालें’ असा निरोप देतें, आणि मग वरचा हुकूम सौम्य होतो. महिन्याचें चक्र तें हेंच.

पन्नाशीच्या सुमारास बीजांचा सांठा हजाराच्या घरांत येतो. वरून हुकूम येतो, परंतु त्याची तामिली करावयास पुटिका उरलेल्या नसतात. ईस्ट्रोजेन वर जात नाहीं, म्हणून वरून तगादा वाढतच जातो. रजोनिवृत्तीनंतर रक्तांतील एफ.एस.एच. पूर्वींच्या दहा ते पंधरा पट आणि एल.एच. सुमारें तिप्पट होतो, तो याच कारणानें. हे स्राव मूत्रावाटे भरपूर बाहेर पडतात. १९४० नंतरच्या दशकांत इटलींतील पिएरो दोनिनी या रसायनशास्त्रज्ञानें रजोनिवृत्त स्त्रियांच्या मूत्रांतून ते वेगळे काढले, आणि पुढें मठांत राहणाऱ्या वृद्ध जोगिणींचें मूत्र गोळा करून त्यांपासून औषध बनविण्यांत आलें. त्या औषधाच्या साह्यानें १९६२ सालीं इस्रायलमध्यें एका वंध्य मानलेल्या स्त्रीला मूल झालें. ज्यांची पाळी थांबली त्यांच्या शरीरांतील निरुपयोगी ठरलेला तगादा दुसऱ्या स्त्रियांना मातृत्व देऊन गेला.

ईस्ट्रोजेनचें प्रमाण मात्र उलट दिशेनें जातें. त्याचा मुख्य प्रकार जो ईस्ट्राडायोल, तो पाळी येणाऱ्या स्त्रीच्या एक मिलिलिटर रक्तरसांत महिन्यांतील दिवसाप्रमाणें ३० पासून ४०० पिकोग्रामपर्यंत असतो. रजोनिवृत्तीनंतर तो बहुधा २० च्याहि खालीं उतरतो. पिकोग्राम म्हणजे एका ग्रामाचा लाख कोटीवा भाग. तरीहि तो अजीबात नाहींसा होत नाहीं. मूत्रपिंडांवरील ॲड्रिनल ग्रंथींतून निघणाऱ्या एका द्रव्याचें रूपांतर चरबींत होऊन थोडें ईस्ट्रोजेन तयार होत राहतें. स्थूल स्त्रीच्या शरीरांत तें अधिक व कृश स्त्रीच्या शरीरांत कमी असतें. ही बारीक गोष्ट पुढें कर्करोगाच्या विचारांत महत्त्वाची ठरणार आहे.

गरम वाफांचें मूळहि याच तगाद्यांत आहे. ईस्ट्रोजेनचा लगाम सुटल्यावर हायपोथॅलॅमसमधील कांहीं विशिष्ट पेशी फुगून मोठ्या होतात, हें अमेरिकेंतील नेओमी रॅन्स यांनीं रजोनिवृत्त स्त्रियांच्या मृत्यूनंतर त्यांच्या मेंदूंची तपासणी करून दाखविलें. शरीराचें उष्णतामान राखणारें केंद्र याच्या शेजारींच आहे. या पेशींचा क्षोभ तेथें पोंचला म्हणजे अंग तापलें नसतांहि तापल्याचा समज होतो, त्वचेंतील रक्तवाहिन्या उघडतात व घाम सुटतो. या पेशींचा निरोप अडविणारें फेझोलिनेटंट नांवाचें औषध २०२३ सालीं अमेरिकेंत मान्य झालें. तेव्हां रात्रीची वाफ हा मनाचा खेळ आहे असें म्हणणें आतां कोणालाहि शोभणार नाहीं.

आतां दुसरी यंत्रणा. मेंदूच्या मध्यभागीं, दोन्ही गोलार्धांच्या मधोमध, तांदळाच्या दाण्याएवढी एक ग्रंथि आहे. देवदाराच्या जातीच्या झाडांना येणाऱ्या शंकूसारखा तिचा आकार असल्यामुळें पाश्चात्य वैद्यांनीं तिला पीनियल हें नांव दिलें. सतराव्या शतकांत देकार्त या फ्रेंच तत्त्ववेत्त्यानें तिला आत्म्याचें मुख्य आसन मानलें होतें. तिचा प्रजननाशीं कांहीं संबंध असावा ही शंका प्रथम १८९८ सालीं आली. ऑटो ह्यूबनर या जर्मन वैद्यानें एका लहानग्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. त्या मुलाच्या अंगीं अवेळीं तारुण्याचीं लक्षणें आलीं होतीं, आणि त्याच्या पीनियल ग्रंथींत गांठ सांपडली. १९१७ सालीं मॅकॉर्ड व ॲलन या दोघां अमेरिकन संशोधकांनीं गुरांच्या पीनियल ग्रंथीचा अर्क बेडकाच्या पिलांना दिला, तेव्हां त्यांची काळसर कातडी फिक्कट झाली. हाच धागा धरून येल विद्यापीठांतील त्वचारोगतज्ज्ञ ॲरन लर्नर यांनीं कोडावर इलाज सांपडेल या आशेनें हजारों गुरांच्या ग्रंथी जमविल्या आणि १९५८ सालीं त्यांतील क्रियाशील द्रव्य वेगळें केलें. काळा रंग या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्यांनीं त्याला मेलॅटोनिन म्हटलें. माणसाच्या कातडीचा रंग त्यानें बदलत नाहीं. कोडाचें औषध कांहीं हातीं लागलें नाहीं. परंतु शरीर काळोख कसा ओळखतें या प्रश्नाचें उत्तर हातीं आलें.

तें उत्तर असें. डोळ्याच्या पडद्यांत कांहीं पेशी अशा आहेत कीं त्यांचें मुख्य काम वस्तू पाहण्याचें नसून केवळ उजेड मोजण्याचें असतें. २००२ सालीं त्यांचा निश्चित पत्ता लागला. निळसर उजेडाला त्या सर्वांत अधिक दाद देतात. त्यांचा निरोप हायपोथॅलॅमसमधील एका लहानशा केंद्राकडे जातो. हें केंद्र म्हणजे शरीराचें मुख्य घड्याळ होय. तेथून तो निरोप पाठीच्या कण्यांत उतरतो, मानेंतील एका मज्जागुच्छांतून वळसा घेतो आणि पुन्हां वर चढून पीनियल ग्रंथीपाशीं पोंचतो. उजेड असेपर्यंत ग्रंथि स्वस्थ असते. काळोख पडला म्हणजे ती अन्नांतील ट्रिप्टोफॅनपासून प्रथम सेरोटोनिन व मग मेलॅटोनिन तयार करूं लागते. झोंपेच्या नेहमींच्या वेळेपूर्वीं सुमारें दोन तास त्याचें प्रमाण चढूं लागतें, रात्रीं दोन ते चारच्या दरम्यान तें शिखरास पोंचतें आणि सकाळपर्यंत ओसरतें. दिवसां रक्तरसांत तें मिलिलिटरमागें १० पिकोग्रामहूनहि कमी असतें. तरुण माणसांत रात्रीं ६०-७० पर्यंत जातें. अर्थात् माणसामाणसांत यांत पुष्कळ फरक असतो. रात्रीं प्रखर दिवा लावला तर हा स्राव माणसांतहि थांबतो, हें आल्फ्रेड लुई व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९८० सालीं सिद्ध केलें.

या दोन यंत्रणांचा मेळ निसर्गानें कसा घातला आहे हें पशूंकडे पाहिलें म्हणजे स्पष्ट होतें. हॅम्स्टर नांवाचा उंदरासारखा प्राणी उन्हाळ्याच्या लांब दिवसांत प्रजनन करतो. त्याला काळोखांत ठेवलें म्हणजे त्याचीं जननेंद्रियें आकसतात. परंतु पीनियल ग्रंथि काढून टाकली असेल तर तीं आकसत नाहींत. हा प्रयोग हॉफमन व रायटर यांनीं १९६५ सालीं प्रसिद्ध केला. शीत प्रदेशांतील मेंढीचें नेमकें उलट आहे. शरद् ऋतूंत रात्री मोठ्या होऊं लागल्या कीं ती माजावर येते, म्हणजे कोंकरूं वसंतांत चारा असतांना जन्मतें. आपल्याकडील म्हैसहि पुष्कळ अंशीं याच गटांतली आहे. मेंढपाळ लोक परदेशांत मेंढीच्या कातडीखालीं मेलॅटोनिन ठेवून तिचा हंगाम अलीकडे आणतात. एकच द्रव्य हॅम्स्टरचें प्रजनन थांबवितें आणि मेंढीचें सुरू करतें, यावरून त्याचा खरा अर्थ कळतो. तें हुकूम देणारें द्रव्य नव्हे, बातमी देणारें द्रव्य आहे. ‘रात्र इतकी लांब आहे’ एवढेंच तें सांगतें. त्यावर काय करावयाचें तें त्या त्या प्राण्याचा मेंदू ठरवितो.

माणूस ऋतु पाहून प्रजनन करणारा प्राणी नाहीं. म्हणून माणसांत हा संबंध पुसट झाला आहे. परंतु पुरता तुटलेला नाहीं. बीजकोशांतील पेशींवर मेलॅटोनिनचा निरोप घेणारे ग्राहक आढळतात, आणि पक्व पुटिकेच्या द्रवांत त्याचें प्रमाण रक्तापेक्षां अधिक असतें. नेदरलंड्समध्यें १९९२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत तरुण स्त्रियांना रोज ३०० मिलिग्राम मेलॅटोनिन कित्येक महिने दिलें, तेव्हां त्यांच्या रक्तांतील एल.एच. कमी झाला. त्याच्या जोडीस दुसरा एक स्राव दिल्यावर बीज बाहेर पडणें अधिक खात्रीनें थांबलें. परंतु हा आंकडा ध्यानांत घेतला पाहिजे. शरीर स्वतः रात्रभरांत जें मेलॅटोनिन तयार करतें तें एका मिलिग्रामाच्या दहाव्या भागाइतकेंहि नसतें. तीनशें मिलिग्राम म्हणजे त्याच्या हजारों पट झालें. एवढ्या पुरानें जें घडतें, तें रोजच्या ओढ्यानें घडतें असें म्हणतां येत नाहीं.

मग रजोनिवृत्तीच्या वेळीं काय घडतें? फिनलंडमधील संशोधकांनीं १९९६ सालीं निरनिराळ्या वयांच्या स्त्रियांच्या मूत्रांतील मेलॅटोनिन व रक्तांतील एफ.एस.एच. मोजून असें सांगितलें कीं, मेलॅटोनिनची घट आधीं होते आणि एफ.एस.एच.ची वाढ मागाहून. या निष्कर्षानें मोठी उत्सुकता निर्माण झाली. काळोखाचा स्राव आटतो, म्हणून तर बीजकोशांचें चक्र बिघडत नसेल? परंतु एक गोष्ट दुसरीच्या आधीं घडली म्हणजे पहिलीमुळें दुसरी घडली असें होत नाहीं. केस पांढरे होणें हेंहि बहुधा रजोनिवृत्तीच्या आधींच सुरू होतें. पुढें २०१४ सालीं फिनलंडमध्येंच रजोनिवृत्तीच्या उंबरठ्यावरील १७ व रजोनिवृत्त झालेल्या १८ स्त्रियांच्या रक्ताचे नमुने रात्रभर घेऊन तपासले. रजोनिवृत्त स्त्रियांत रात्रीचें मेलॅटोनिन कमी आढळलें, आणि स्रावाचा काळहि कांहींसा आंखूड दिसला. परंतु कोणत्या स्त्रींत मेलॅटोनिन किती, याचा तिच्या एफ.एस.एच.शीं किंवा ईस्ट्राडायोलशीं मेळ बसला नाहीं. दोन्ही झरे एकाच वयांत आटतात. मात्र एक दुसऱ्यामुळें आटतो असें दिसत नाहीं. त्यांतहि, अमेरिकेंतील एका पथकानें १९९९ सालीं पूर्ण निरोगी वृद्धांची तपासणी केली, तेव्हां बहुतेकांत मेलॅटोनिन तरुणांइतकेंच निघालें. म्हणजे वयाबरोबर तें सर्वांचेंच घटतें हेंहि विधान जपून करावयास हवें.

पाळी परत येण्याच्या वार्तेचें मूळ इटलींतील एका प्रयोगांत आहे. तो २००१ सालीं प्रसिद्ध झाला. ४२ ते ६२ वयाच्या स्त्रियांचे दोन गट करून एकास सहा महिने रोज झोंपतांना ३ मिलिग्राम मेलॅटोनिन व दुसऱ्यास तशाच दिसणाऱ्या निर्द्रव्य गोळ्या दिल्या. मेलॅटोनिन घेणाऱ्यांपैकीं ४३ ते ४९ वयाच्या स्त्रियांत एल.एच. उतरला, पन्नाशीपुढील स्त्रियांत मात्र त्यावर कांहींच परिणाम झाला नाहीं. ज्यांचें मूळचें मेलॅटोनिन कमी होतें त्यांच्यांत एफ.एस.एच.हि उतरला. पुष्कळजणींनीं मनाची उदासी कमी झाल्याचें सांगितलें. एवढ्यावरून कांहीं उत्साही लेखकांनीं कालचक्र उलटें फिरविण्याची भाषा सुरू केली. परंतु संपलेलीं बीजें पुन्हां निर्माण करण्याचें सामर्थ्य मेलॅटोनिनच्या अंगीं असल्याचा कोणताहि पुरावा नाहीं. उंबरठ्यावरील वयांत बीजकोशांत थोडीं बीजें शिल्लक असतात आणि पाळी आपोआपच मागेंपुढें होते. ती कांहीं महिने थांबून पुन्हां येणें हें गोळी न घेणाऱ्या स्त्रियांतहि घडतें.

येथें एक इशारा द्यावयास हवा, आणि तो या विषयांतील सर्वांत महत्त्वाचा आहे. बारा महिने पाळी थांबल्यानंतर जर पुन्हां रक्तस्राव झाला, मग तो एखादा डागच असो, तर ती तारुण्याची परतफेड समजून आनंद मानूं नये. बहुतेक वेळां त्याचें कारण साधें निघतें. परंतु गर्भाशयाच्या कर्करोगाची पहिली सूचनाहि अशीच येते, आणि ती वेळींच ओळखली तर रोग बहुधा बरा होतो. ‘गोळीचा गुण आला’ असें समजून चार महिने गप्प बसणारी स्त्री ती मोलाची वेळ गमावून बसते. अशा वेळीं लाज, कामाची घाई किंवा घरच्यांना त्रास नको हा विचार बाजूस ठेवून स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेलें पाहिजे.

ईस्ट्रोजेन व मेलॅटोनिन यांच्या संबंधाचा आणखी एक पैलू स्तनांच्या कर्करोगासंबंधींचा आहे. रजोनिवृत्तीनंतर होणाऱ्या या रोगांतील बऱ्याच गांठी ईस्ट्रोजेनवर पोसतात, आणि चरबींत तयार होणारें थोडेंसें ईस्ट्रोजेनहि त्यांना पुरतें. प्रयोगशाळेंत वाढविलेल्या अशा कर्कपेशींची वाढ मेलॅटोनिननें मंदावते, हें स्टीव्हन हिल व डेव्हिड ब्लास्क यांनीं १९८८ सालीं दाखविलें. त्याच्या आदल्याच वर्षीं रिचर्ड स्टीव्हन्स यांनीं अशी कल्पना मांडली होती कीं, विजेच्या दिव्यांमुळें रात्र उजळते, मेलॅटोनिन दबतें आणि त्यामुळें हा रोग वाढत असावा. त्यानंतर रात्रपाळी करणाऱ्या परिचारिकांची पाहणी झाली. अमेरिकेंतील रजोनिवृत्त परिचारिकांपैकीं ज्यांनीं पंधरा किंवा अधिक वर्षें रात्रपाळी केली होती त्यांच्या रक्तांत ईस्ट्राडायोल कांहींसें अधिक आढळलें. जपानमधील २०६ रजोनिवृत्त स्त्रियांच्या २००८ सालच्या पाहणींत रात्रीं एक वाजल्यानंतरहि जाग्या असणाऱ्या स्त्रियांत ईस्ट्राडायोल अधिक होतें. पण सर्वांचा एकत्र विचार केला असतां मूत्रांतील मेलॅटोनिन आणि हे स्राव यांचा सरळ संबंध दिसला नाहीं. ज्यांच्या मूत्रांत मेलॅटोनिन कमी त्यांना कर्करोगाचा धोका अधिक, असें कांहीं पाहण्यांत निघालें, तर इतर पाहण्यांत निघालें नाहीं. कर्करोगसंशोधनाच्या लियों येथील आंतरराष्ट्रीय संस्थेनें २००७ सालीं व पुन्हां २०१९ सालीं रात्रपाळीला ‘बहुधा कर्करोगकारक’ या वर्गांत ठेवलें आहे. ‘बहुधा’ हा शब्द तेथें तोलून वापरलेला आहे. रात्रपाळी केली म्हणजे रोग होणारच असा त्याचा अर्थ नाहीं. परंतु इस्पितळें, कारखाने व रात्रभर चालणाऱ्या कचेऱ्या यांच्या चालकांनीं स्त्रियांच्या पाळ्या आंखतांना त्याचा विचार करावयास हवा, इतका अर्थ निश्चित आहे.

हाडांच्या बाबतींत वार्ता थोडी आशादायक आहे. ईस्ट्रोजेन घटलें म्हणजे हाडें झिजूं लागतात, आणि साठीनंतर साध्या पडण्यानेंहि मनगट किंवा मांडीचें हाड मोडतें. डेन्मार्कमध्यें हाडें विरळ होऊं लागलेल्या ८१ रजोनिवृत्त स्त्रियांना एक वर्षभर १ किंवा ३ मिलिग्राम मेलॅटोनिन अथवा निर्द्रव्य गोळी देण्यांत आली. २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या निकालांत मांडीच्या हाडाच्या मानेची घनता मेलॅटोनिन घेणाऱ्यांत १·४ टक्क्यांनीं व त्यांतील ३ मिलिग्राम घेणाऱ्यांत २·३ टक्क्यांनीं वाढलेली दिसली. हा लाभ ईस्ट्रोजेनच्या द्वारें झालेला नाहीं. हाड घडविणाऱ्या पेशींवर मेलॅटोनिनचा प्रत्यक्ष परिणाम होत असावा. परंतु ८१ स्त्रिया हा आंकडा लहान आहे, आणि घनता वाढली म्हणजे हाडें मोडण्याचें थांबलें असें अजून कोणी दाखविलेलें नाहीं. चालणें, वजन उचलण्याचा बेताचा व्यायाम, दूध-नाचणीसारखें चुनखडीयुक्त अन्न आणि सूर्यप्रकाश यांची जागा ही गोळी घेऊं शकत नाहीं.

राहतां राहिली झोंप, जिच्यासाठीं बहुतेक स्त्रिया ही गोळी घेतात. युरोपांत ५५ वर्षांवरील माणसांच्या निद्रानाशासाठीं २ मिलिग्रामची हळूहळू विरघळणारी गोळी २००७ सालापासून मान्य आहे, तीहि ठराविक आठवड्यांपुरती. परंतु रजोनिवृत्तीच्या वयांतील स्त्रियांवर झालेल्या प्रयोगांचा २०२१ सालीं जो एकत्रित आढावा घेण्यांत आला, त्यांत शारीरिक तक्रारींत कांहींसा उतार दिसला, झोंपेच्या प्रतींत मात्र निश्चित फरक दिसला नाहीं. यांत नवल नाहीं. जी स्त्री वाफेमुळें जागी होते तिची झोंप मोडणारें कारण काळोखाच्या निरोपांत नसून हायपोथॅलॅमसच्या क्षोभांत असतें. ज्या दारांतून चोर येतो तें सोडून दुसऱ्याच दाराला कुलूप लावल्यासारखें तें होतें. अशा स्त्रीनें वाफांवरच उपचार करून घ्यावे, आणि ईस्ट्रोजेन घ्यावें कीं दुसरें कांहीं, हें तिची प्रकृति व घराण्यांतील रोग पाहून डॉक्टरांनींच ठरवावें.

गोळीच्या शुद्धतेचाहि प्रश्न आहे. अमेरिका व कॅनडांत ती औषध म्हणून नव्हे, तर आहाराची पूर्ति म्हणून दुकानांत विकली जाते. कॅनडांत अशा ३१ गोळ्या व द्रव तपासले असतां २०१७ सालीं असें प्रसिद्ध झालें कीं, लेबलावरील आंकड्यापेक्षां प्रत्यक्ष द्रव्य कोठें ८३ टक्के कमी तर कोठें ४७८ टक्के अधिक होतें, आणि सुमारें चवथ्या हिश्श्यांत सेरोटोनिनहि मिसळलेलें सांपडलें. परदेशांतून येणारे नातेवाईक प्रेमानें आणतात त्या बाटल्यांत काय आहे, हें सांगणें म्हणूनच कठीण असतें. शिवाय रक्त पातळ करणाऱ्या कांहीं औषधांशीं हिची गांठ पडली तर रक्तस्रावाचें भय असतें. उलट रक्तदाबावरील बीटा-ब्लॉकर जातीचीं औषधें शरीराचें स्वतःचें मेलॅटोनिन कमी करतात. चालू औषधांची यादी दाखविल्याशिवाय ती सुरू करूं नये, याचें कारण हेंच.

मात्र शरीराच्या स्वतःच्या काळोखाच्या स्रावाला जपण्याचे मार्ग प्रत्येक घरांत आहेत आणि त्यांना दाम पडत नाहीं. सकाळीं अर्धापाऊण तास उघड्यावरचा उजेड डोळ्यांवर पडूं द्यावा, म्हणजे शरीराचें घड्याळ नीट लागतें. वय वाढतें तसा डोळ्यांतील भिंग पिवळसर होतें व निळा उजेड कमी आंत जातो; म्हणून प्रौढ स्त्रीला हा उजेड तरुणीहूनहि अधिक लागतो. स्वयंपाकघराच्या बंद भिंतींत ज्यांचा दिवस जातो त्यांनीं तर तो आवर्जून मिळवावा. रात्रीचें जेवण झाल्यावर दिवे मंद व पिवळसर असावेत, मोबाईलचा पडदा अंथरुणाबाहेर ठेवावा, रात्रीं उठावें लागलें तर मोठा दिवा न लावतां जमिनीलगतचा लहान दिवा वापरावा. निजण्या-उठण्याची वेळ एकच ठेवावी, आणि अंथरूण-पांघरूण सुती व हलकें असावें. एवढें करूनहि झोंप मोडतच राहिली, तर निद्रानाशावर औषधाविना केली जाणारी जी वर्तनचिकित्सा आहे तिचा गुण चांगला येतो, असा अनुभव आहे.

काळोखाचा स्राव आणि बीजकोशांचे स्राव यांत नातें आहे. तें शेजाऱ्यांचें आहे, मालक-नोकराचें नाहीं. एकाला हाक मारली म्हणजे दुसरा धांवून येईलच असें नाहीं. रजोनिवृत्त स्त्रीला हवी आहे ती तारुण्याची परतफेड नसून पुढच्या पंचवीस-तीस वर्षांची निरामय झोंप, मजबूत हाडें आणि वेळच्यावेळीं होणारी तपासणी. तिच्या रात्रीच्या जागरणाकडे ‘वय झालें’ म्हणून पाठ न फिरवितां घरच्यांनीं तें आस्थेनें विचारलें, तर निम्मा मार्ग तेथेंच सरेल. उरलेला निम्मा वैद्यकशास्त्र दाखवील.